गोऱ्या पासपोर्टाची शिकवणी

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा मिळतो, त्याची यादी सुटसुटीत आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी एका देशाचा पासपोर्ट हवा आणि एक पदवी. पदवी कशातली, हे विचारायची पद्धत नाही. समाजशास्त्र चालतं, नाट्यशास्त्र चालतं, क्रीडा व्यवस्थापनही चालतं. २०१० साली भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार अमलात आला आणि आपल्यासाठीही एक फट उघडली. भारतीयाला पदवी हवी, वर इंग्रजी शिकवण्याची रीतसर शिक्षक-पात्रता हवी, आणि एवढं सगळं असलं की जागा मिळते ती शाळेतल्या सहायक शिक्षकाची. बी.एड. झालेल्या बाईला परवान्याची अट आणि नाट्यशास्त्रवाल्याला जन्माचा दाखला पुरे.

या धंद्याला शिक्षण म्हणणं आता बंद करावं. पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघालेल्या पोरापोरींचे पैसे संपले की त्यांनी कुठेतरी इंग्रजी शिकवायला लागायचं, ही गेल्या चार-पाच दशकांत एक मान्यताप्राप्त जीवनशैली होऊन बसली आहे. आशियाभर हेच चालू आहे. बँकॉक, हनोई, सोल, ओसाका, चेंगडू. कुणी स्वयंपाक येत नसताना परदेशात आचारी म्हणून लागत नाही, कुणी वायरिंग शिकल्याशिवाय दुसऱ्याच्या घरातल्या फ्यूजला हात घालत नाही. पण पन्नास पोरांच्या वर्गासमोर उभं राहायला तोंड हलवता आलं की भागतं. फारच काटेकोर मालक भेटला तर एकशेवीस तासांचं प्रमाणपत्र मागतो. त्यातलं केंब्रिजचं सेल्टा हे निदान चार आठवडे घाम काढतं, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे तास घ्यायला लावतं. बाकीची बहुतेक प्रमाणपत्रं गादीवर लोळत, फोनवर बोट फिरवत मिळतात, आणि त्यांतले एकशेवीस तास हे पुढाऱ्याच्या उपोषणाइतके खरे असतात.

आता इकडचं बघा. महाराष्ट्रात चौथीच्या वर्गासमोर उभं राहायचं तर आधी डी.एड., मग टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टल, आणि देव पावलाच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत सहा हजार होतं, आता सोळा हजार आहे. कॉलेजात गेलात तर तासिका तत्त्व. तास झाला तर पैसे, संप झाला तर नाही, दिवाळी आली तर नाही, आणि झालेल्या तासांचं बिल मार्चनंतर कधीतरी. मी शिवाजी विद्यापीठाची इंग्रजीची एम.ए., वर बी.एड., आणि याच तासिकांच्या रांगेतली. जग बघायची हौस होती, पगाराची गरज होती. गोऱ्या पोरांना ही दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात, तर मला का नसावीत, एवढाच माझा प्रश्न होता. मी थायलंडला गेले.

तिथल्या बहुतेक शाळा शिक्षक स्वतः शोधत नाहीत, एजन्सी पुरवते. शाळा एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपला वाटा कापून उरलेले शिक्षकाला देते, आणि करार बहुधा दहा महिन्यांचा करते, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुट्टीत शिक्षकाने वारा खावा. अर्जाला फोटो लावायचा असतो. तो नसेल तर अर्ज उघडतही नाहीत. माझा फोटो गेला आणि एजन्सीतल्या बाईंचा फोन आला.

“तुम्ही फिलिपिनो का?”

“नाही, भारतीय.”

“फोटोत जरा उजळ दिसता.”

“उजेड खिडकीकडून येत होता.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग अगदी प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न आला, “मग पालकांना आम्ही काय सांगायचं?”

माझी पदवी कुठली, अनुभव किती, नववीला काय शिकवलंय, यातलं एक अक्षर त्या संभाषणात आलं नाही. मला त्या बाईंचा राग आला नाही, कारण त्या निदान माल काय आहे ते सरळ सांगत होत्या. राग येतो तो या व्यवहाराला ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ म्हणणाऱ्यांचा.

शेवटी काम मिळालं ते ईशान्येकडच्या एका गावात. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा मानली जात नाही अशांना तिथे टोइकची परीक्षा द्यावी लागते, ९९० पैकी निदान ६०० गुण दाखवावे लागतात. मी ती दिली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो बाईंनीही दिली होती. समोरच्या टेबलावरच्या इंग्लंडच्या मुलाला द्यावी लागली नव्हती, आणि त्याने ती दिली असती तर काय झालं असतं याबद्दल माझी काही मतं आहेत, ती मी इथे लिहीत नाही. मुलगा स्वभावाने चांगला होता. खाऊ वाटून खायचा, पोरांशी फुटबॉल खेळायचा. त्याला तिथे कुणी आणून बसवलं हे महत्त्वाचं. तो बसला हा त्याचा गुन्हा नाही.

त्या फिलिपिनो बाईंना सगळे आते म्हणत. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. मला मात्र त्या पहिल्या दिवसापासून सांगलीच्या आत्याच वाटल्या, तेवढ्याच कडक आणि तेवढ्याच कामाच्या. त्यांच्या देशात शिक्षक व्हायला सरकारी परवाना परीक्षा असते, ती त्या पास होत्या. फिलिपिन्सच्या राज्यघटनेत इंग्रजी ही राजभाषांपैकी एक आहे. आणि तिचा इतिहासही ऐकून ठेवा. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून अमेरिकेने पाचेकशे शिक्षक मनिलाला उतरवले, ते तिथल्या लोकांना इंग्रजी शिकवायला. म्हणजे ज्यांनी भाषा लादली त्यांच्या पणतवंडांना आज ती मुळातली म्हणून दुप्पट पगार, आणि ज्यांनी मुकाट्याने शिकून घेतली त्यांची पणतवंडं उपरी. त्या भागातला साधारण दर असा होता : गोऱ्या शिक्षकाला तीस-पस्तीस हजार बाट, फिलिपिनो शिक्षकाला पंधरा ते अठरा. माझा पगार या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे आतेंच्या बाजूला.

कामाची वाटणी पगाराच्या बरोबर उलटी. प्रश्नपत्रिका आते काढणार, गुणपत्रकं आते भरणार, नापास झालेल्या पोरांची फेरपरीक्षा आते घेणार. (तिथे पोर सहसा नापास राहत नाही, ते पास होईपर्यंत शिक्षकाचीच परीक्षा चालते.) इंग्लंडचा मुलगा ‘संभाषण’ घेणार. संभाषण म्हणजे आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गात जायचं, चेंडू फेकायचा, ज्याच्या हातात पडेल त्याने आवडता रंग सांगायचा. त्या शाळेतल्या अकरावीच्या मुलांना आपापले आवडते रंग इंग्रजीत बिनचूक सांगता येत होते.

एकदा याच अकरावीतल्या एका मुलीने त्याला विचारलं की ‘हॅव्ह बीन टू चिआंगमाई’ आणि ‘हॅव्ह गॉन टू चिआंगमाई’ यांत फरक काय. मी शेजारच्या वर्गाच्या दारात होते. त्याने थोडा विचार केला, दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली आणि सांगितलं, “कानाला बरं लागेल ते म्हण.” मुलीच्या कानाला दोन्ही सारखंच लागत होतं, म्हणून तर तिने विचारलं होतं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आतेंकडे आली. आतेंनी वहीच्या मागच्या पानावर एक डोंगर काढला, एक घर काढलं, काड्यांची दोन माणसं काढली. एक माणूस डोंगरापाशी आणि घर रिकामं : ही गेली आहे, अजून तिकडेच आहे. दुसरा माणूस घरात, डोंगराकडून घराकडे परतीचा बाण : ही जाऊन आली आहे. मग दोन नव्या गावांची नावं घालून मुलीकडून चार वाक्यं करून घेतली, चौथं चुकलं ते तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतलं, आणि डबा खायला बसल्या. सुट्टी संपायला दोन मिनिटं राहिली होती.

हे आतेंना जमलं, कारण कधीतरी त्यांनाही तो फरक कुणीतरी शिकवला होता. जी गोष्ट आपण कष्टाने शिकलेलो असतो तिचे सांधे आपल्याला दिसतात. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घासून पिढ्यान्‌पिढ्यांनी इंग्रजी कमावलं. त्यांचे उच्चार ऐकून साहेब हसला असेल, पण त्यांना वाक्याचा कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे हे झोपेतही सांगता यायचं. मी पाचवीला ए-बी-सी-डी गिरवलेली मुलगी आहे. मराठी माणसाला ‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे किती छळतं ते मला ठाऊक आहे. थाई पोरांनाही तेच छळत होतं, कारण त्यांच्याही भाषेत ते प्रकरण नाही. इंग्लंडच्या पोराला हा छळ असतो याचाच पत्ता नव्हता.

हे काही माझं संशोधन नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या देशांची इंग्रजी-अध्यापनावर परिषद भरली होती. इंग्रजी शिकवायला आदर्श शिक्षक तो, ज्याची ती जन्मभाषा आहे, हे गृहीत तिथे पक्कं झालं. साम्राज्याचा बाडबिस्तरा आवरायची ती वेळ. निघता निघता नोकऱ्यांची सोय झाली. १९९२ साली रॉबर्ट फिलिपसन यांनी भाषिक साम्राज्यशाहीवरच्या आपल्या पुस्तकात त्या गृहीताला सरळ भ्रम म्हटलं आणि या भ्रमाचा फायदा कुणाला होतो तेही लिहिलं. त्यालाही आता तीस वर्षं उलटून गेली. विद्यापीठांत त्यावर सेमिनार झडतात आणि बाहेर नोकरीच्या जाहिराती जशाच्या तशा.

कुणी म्हणेल, उच्चारांचं काय? ठीक, उच्चारांचं बोलू. ग्लासगोचा माणूस, टेक्सासचा माणूस आणि केपटाऊनचा माणूस एका टेबलावर बसवा. तिघांचाही अर्ज पास होतो आणि तिघांना एकमेकांची निम्मी वाक्यं पुन्हा विचारावी लागतात. आणि त्या ईशान्येकडच्या गावातली पोरं मोठी होऊन इंग्रजीत बोलणार कुणाशी? व्हिएतनामच्या व्यापाऱ्याशी, इंडोनेशियाच्या इंजिनिअरशी, चिनी पर्यटकाशी, आपल्या गुजराती-मराठी सहलीवाल्यांशी. आसियानच्या सनदेत संघटनेची कामकाजाची भाषा इंग्रजी अशी लिहिली आहे, आणि त्या दहा-अकरा देशांत कोरियाच्या त्या यादीतला एकही देश नाही. म्हणजे ज्या इंग्रजीची त्या मुलांना उद्या गरज आहे ती आतेंचीच इंग्रजी आहे. पण आतेंचा फोटो माहितीपत्रकावर छापता येत नाही ना!

पालकदिनाला हे सगळं एका नजरेत दिसलं. सकाळी आठला राष्ट्रगीत झालं, आणि इंग्लंडच्या मुलाला फाटकाशी उभं केलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, तोही मुख्याध्यापकांनी आपल्या कपाटातून काढून दिलेला. येणाऱ्या प्रत्येक गाडीतून आई-बाप उतरणार, लेकराला त्याच्या शेजारी उभं करणार, फोटो काढणार. दोन तास तो पोरगा हात जोडून, हसून हसून गाल दुखेपर्यंत उभा. आते सभागृहात खुर्च्या मोजत होत्या. मला ध्वनिक्षेपकाच्या वायरवर उभं राहायचं काम होतं, कुणी अडखळून पडू नये म्हणून.

बाजाराची मागणी आहे, पालकांना गोराच हवा असतो, शाळा काय करणार, असा युक्तिवाद मी तिथल्या प्रत्येक संस्थाचालकाच्या तोंडून ऐकला आहे. हा युक्तिवाद आपल्याला चांगला ओळखीचा आहे. गोरेपणाचं मलम विकणाऱ्यांनी तो आपल्या आयांना, मावश्यांना कैक वर्षं ऐकवला, आणि २०२० साली डबीवरचं नाव तेवढं बदललं. आधी भिंतीभिंतीवर जाहिरात रंगवायची, मग लोकांनी तेच मागितलं की म्हणायचं, बघा, मागणी आहे!

आणि पासपोर्ट बघितला की बाकी काही बघायची गरज नाही, या वृत्तीची किंमत कोण मोजतं? २००७ साली इंटरपोलने लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाचा चेहरा जगभर प्रसिद्ध केला. तो कॅनडाचा निघाला, आशियातल्या शाळांत इंग्रजी शिकवत फिरलेला. चेहरा झळकला त्याच सुमारास कोरियातली नोकरी सोडून पळालेला, आणि सापडला थायलंडमध्ये. त्याचा पासपोर्ट यादीतलाच होता. त्यानंतर कोरियाला जाग आली. पोलिसांचा दाखला सक्तीचा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्याच्या जोडीला परदेशी शिक्षकांची एचआयव्ही चाचणीही सक्तीची केली, जिचा मुलांच्या सुरक्षिततेशी काडीचा संबंध नव्हता. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ती दुसऱ्यांदा द्यायला नकार दिला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेलं, २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१७ साली ती अट गेली. आधी डोळे मिटून घ्यायचं आणि मग डोळे मिटूनच झोडपायचं.

गोऱ्या पोरांचं तरी या धंद्यात भलं होतं का? जपानात नोव्हा नावाची इंग्रजी क्लासांची सगळ्यात मोठी साखळी होती. स्टेशनासमोर शाखा, टीव्हीवर जाहिराती, हजारो परदेशी शिक्षक. २००७ च्या ऑक्टोबरात ती कोसळली. पगार थकलेले, आणि घरं कंपनीमार्फत घेतलेली, म्हणून काहींवर घराबाहेर पडायची पाळी. चीनमध्ये २०२१ च्या जुलैत सरकारने शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर वरवंटा फिरवला, परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांना कामावर ठेवायला बंदी आली, आणि अमेरिकेतल्या कित्येकांची पहाटे चारची शिकवणी एका फटक्यात बंद झाली. मला वाईट वाटलं, पण बेताचंच. पासपोर्टाच्या जिवावर मिळालेली नोकरी पासपोर्टानेच सांभाळावी, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली होती.

व्हिएंतिआनच्या थाई वकिलातीबाहेरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. बँकॉकहून रात्रीची मिनीव्हॅन, नाँगखाईचा पूल ओलांडून लाओसमध्ये, कागद टाकायचे, एक रात्र काढायची, शिक्का घेऊन परत. रांगेत निम्मी पोरं-पोरी टुरिस्ट व्हिसावर आधीच महिना-दोन महिने शिकवून आलेली, म्हणजे बेकायदा. आदल्या दिवशीच्या हाफ पॅन्टवर आज मुलाखतीचा शर्ट. काहींची पदवी खाओ सान रस्त्यावर छापलेली असायची, हे तिथल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. माझ्या फाइलमध्ये विद्यापीठाची पडताळणी, मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र खात्याचा शिक्का, वकिलातीचा शिक्का, पासपोर्ट ऑफिसचा पोलीस दाखला. खिडकीतल्या बाईंनी रांगेतल्या सगळ्यांत जास्त वेळ माझे कागद उलटेपालटे करून बघितले. एवढे शिक्के एका माणसाकडे असतात, यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

आता आपल्या पोरांकडे वळते, कारण हल्ली रील्सचा सुकाळ आहे. समुद्रकिनारा, नारळपाणी, आणि खाली ‘व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवा, महिना दीड लाख’. पुण्यात, नाशकात असे कोर्स विकणारे बसले आहेत. त्यांना सरळ विचारा : व्हिसा कुठला, वर्क परमिट कोण काढणार, भारतीय पासपोर्टावर त्या जागेसाठी अर्ज घेतात का, आणि हे सगळं लेखी देता का. ‘आधी टुरिस्टवर जा, तिकडे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर चहा अर्धा टाकून उठा. याच एका वाक्यावर विश्वास ठेवून भारतातली पोरं बँकॉकच्या विमानात बसली आणि म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत जाऊन अडकली. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास लोकांना माए सोतहून परत आणलं. त्यांना डेटा एंट्री सांगितलं होतं, कुणाला कस्टमर केअर. उद्या इंग्रजी शिकवणं सांगतील.

सरळ दार उघडलं तर काय होतं तेही बघा. तरुणांनी फिरता फिरता काम करावं असा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा २०२४ साली प्रथमच भारतीयांना खुला झाला. जागा एक हजार, सोडत पद्धत, अर्ज चाळीस हजारांच्या घरात. ब्रिटिश पोरांना हीच सोय कसल्याही सोडतीविना आहे. भटकणं हा तरुणपणाचा हक्क आहे असं ज्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, ती कुठल्या पासपोर्टाची माणसं लिहितात, ते एकदा मागच्या पानावर बघून घ्यावं.

भाषेच्या परीक्षांचा बाजार तर विचारूच नका. ब्रिटनच्या व्हिसासाठी जे देश इंग्रजी बोलणारे म्हणून मान्य आहेत त्यांत माल्टा आहे, जिथे घरोघरी माल्टीज बोलतात. भारत नाही. कसा असेल? २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलने भारतातला आपला आयईएलटीएस परीक्षांचा धंदा तेरा कोटी पौंडांना विकला. आपण इंग्रजी येणारे ठरलो असतो तर हा तेरा कोटींचा माल विकायला उरला असता का?

तिकडे शाळेत मधेच ते इंग्लंडचं पोरगं निघून गेलं. परीक्षा तोंडावर आली असताना, सूचना नाही, राजीनामा नाही, रविवारी रात्री एक मेसेज : दक्षिणेकडच्या बेटावर डायव्हिंग शिकवायला चाललोय, सगळ्यांना प्रेम. त्याचे तास आतेंच्यात आणि माझ्यात वाटून टाकले, जादा पैशांचा विषय निघाला नाही. नव्या माणसासाठी जाहिरात द्यायची ठरली. मुख्याध्यापकांना इंग्रजीत लिहायचं होतं, म्हणून त्यांनी ती आतेंकडे दिली, शाळेत सगळ्यांत शुद्ध इंग्रजी त्यांचंच म्हणून. आतेंनी लिहिली. ‘फक्त नेटिव्ह स्पीकर्सनी अर्ज करावा.’ पगार पस्तीस हजार. मी खांद्यावरून वाचत होते, माझ्या तोंडून काहीतरी निघालं. आतेंनी वर न बघता विचारलं, “व्याकरणाची चूक आहे का काही?”

“नाही.”

“मग पाठवते.”

सुट्टीत घरी आले तेव्हा मावशीने पहिला प्रश्न विचारला, “तू तिकडे इंग्रजी शिकवतेस? का गं, त्यांना गोरे मिळत नाहीत?” मावशी कोरियाच्या व्हिसाखात्यात नोकरीला लागती तर साहेब झाली असती. आणि मावशीच का? हायवेला लागलं की दर दहा किलोमीटरवर एक ‘इंटरनॅशनल’ स्कूल दिसतं. त्यांच्या फ्लेक्सवर जी पोरं हसत असतात ती सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, इंटरनेटवरून उचललेली. आत शिकवणाऱ्या बाई इस्लामपूरच्या नाहीतर बार्शीच्या. थायलंडच्या शाळेने निदान खरा माणूस आणून उभा केला होता.

परत आल्यावर अशाच एका शाळेच्या संस्थाचालकांचा फोन आला. विनाअनुदानित, इंग्रजी माध्यम, सीबीएसई. त्यांना कुणाकडून तरी माझं कळलं होतं.

“मॅडम, तुम्ही फॉरेनला शिकवून आलात. आमच्याकडे जॉइन व्हा. अठरा हजार देऊ. तुमचा फोटो आपण गेटवर मोठ्या बॅनरला लावू.”

“आत्ता इंग्रजी कोण शिकवतं?”

“आहेत एक बाई. सात वर्षं आहेत. चांगल्या आहेत तशा.”

“त्यांना किती देता?”

“साडेनऊ.”

“एवढा फरक का?”

“अहो, त्या मराठी माध्यमातून शिकलेल्या आहेत.”

“मीही.”

ते क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, “ते असू द्या हो, बॅनरवर कोण लिहितंय! फोटो तेवढा तिकडचाच पाठवा, मागे समुद्र असलेला.”